आम्हाला तर दिसतेय

१

“मी मेलेय का? एवढंच कळवा. मेले असेन तर तसं स्पष्ट सांगा, म्हणजे रोज सकाळी उठून कामाची वाट बघणार नाही.”

मंगळवारी सकाळी नणंदबाईंनी चहाचा पहिला घोट घेतला आणि स्क्रीनवर हे वाचलं. घोट गिळायचा राहून गेला.

खाली आणखी होतं. “मी चित्रं काढते. तुमचा बाजार उघडला तेव्हापासून तिथे आहे. लोकांनी माझ्याबद्दल जे चार चांगले शब्द लिहिले ते सगळे तुमच्याकडे आहेत, माझ्याकडे त्यातलं काही नाही. गेले कित्येक महिने एकही विचारणा नाही. मैत्रिणीला शोधायला सांगितलं, तिला मी सापडत नाही. तीनदा तक्रार केली. तिन्ही वेळा उत्तर आलं, ‘आम्हाला तर दिसतेय.’ आणि आता कळवलंय की शुक्रवारी खातं बंद. मी दिसतेय, तर बंद का? आणि मी नाहीये, तर हे लिहितंय कोण?”

सहीच्या जागी नुसता आकडा. तक्रार इंजिनिअरांकडे यायची ती नाव, चेहरा, काम सगळं झाकून. कुणाचं खाजगी कुणी बघू नये म्हणून. ही बाई म्हणजे एक आकडा होती, आणि तो आकडा चित्रं काढत होता.

बाजार म्हणजे कंपनी. चित्रकार, भाषांतरकार, हिशेब बघणारे, जाहिराती लिहिणारे असे घरी बसून काम करणारे जगभरचे लोक एका बाजूला, आणि त्यांना काम देणारी गिऱ्हाइकं दुसऱ्या बाजूला; मधला पूल या कंपनीचा. पूल बांधणारे आणि रोज डागडुजी करणारे इंजिनिअर तिसऱ्या मजल्यावर बसत. शुक्रवारी दुपारी तिथून ‘झाडू’ नावाचा प्रोग्राम सुटायचा. ज्या खात्याकडे फार दिवसांत एकाही गिऱ्हाइकाने पाहिलं नाही ते तो झाडून टाकायचा, कौतुकाच्या शब्दांसकट. झाडलं की झाडलं. परत आणायची सोय कधी कुणी केलीच नव्हती.

नणंदबाई चौकशीवाल्या. काही बिघडलं की कुठे, कसं आणि का हे शोधणं त्यांचं काम. येता-जाता चुका काढतात म्हणून हे नाव पडलं. पण ही विचित्र नणंद होती: चूक काढायची, बोट मात्र कुणाकडेही दाखवायचं नाही. तिसऱ्या मजल्याचा तसा नियमच होता. माणसाला दोष दिला की माणूस लपवाछपवी करतो, म्हणून चौकशीत ‘कोणी केलं’ हे विचारायचं नाही. जो विचारेल त्याने सगळ्यांचे कप विसळायचे.

नणंदबाईंनी आकडा सर्चमध्ये टाकला. चित्रकारांच्या पहिल्या पानावर, वरून तिसरी. नाव-चित्र झाकलेलं, पण जागा ठणठणीत.

“दिसतेय की,” त्या स्वतःशीच म्हणाल्या, आणि तक्रार पुन्हा वाचली. हेच उत्तर तीनदा दिलं गेलं होतं.

२

बापू सर्चचे जन्मदाते. डोळ्यांवर चष्मा, डोक्यावर आणखी एक चष्मा. त्यांच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. यंदा नवी भरती बंद होती, त्यामुळे बापूंचे कागद हळूहळू त्या खुर्च्यांवर राहायला गेले होते. मागच्या भिंतीवर नातीचा फोटो, घर ते ऑफिस असा हाताने काढलेला रस्ता (कोपऱ्यात मांजर), आणि बापूंच्याच अक्षरात पाटी: शुक्रवारी बदललेलं शनिवारी रडवतं.

“सर्च माणसाला लपवत नाही,” बापू म्हणाले. “मागे ढकलतं. फार तर चाळिसाव्या पानावर नेऊन बसवेल, पण बसवेल. हाकलणार नाही. शेवटी माझंच पोर आहे ते.”

“मग तिच्या मैत्रिणीला का सापडत नाही, बापू?”

“मैत्रिणीला शोधता येत नसेल.”

“तुम्हाला सापडते?”

बापूंनी डोक्यावरचा चष्मा डोळ्यांवर आणि डोळ्यांवरचा डोक्यावर केला. “ही काय. तिसरी.”

“मलाही तिसरीच दिसली.”

“मग तक्रार कसली?”

“तिला काम मिळत नाही.”

“अगं, काम मिळत नाही म्हणजे दिसत नाही असं नव्हे. मला लग्नात सगळे बघत होते, पंगतीला कुणी बोलावलं नाही.” बापू हसले, मग थांबले. “ती खरंच विचारतेय? मेलेय का म्हणून?”

“हो.”

“कोणी केलं असेल हे?” बापूंच्या तोंडून निघून गेलं.

पलीकडून तीन-चार आवाज एकदम आले: “कप!”

३

प्रयोगताईंचं काम प्रयोग करणं. बटण निळं असावं की हिरवं, हे त्या ठरवत नसत. अर्ध्या जगाला निळं दाखवायचं, अर्ध्याला हिरवं, आणि गंमत बघायची. चहासुद्धा त्या दोन कपांत घेत.

“मला वाटलंच तुम्ही माझ्याकडे येणार,” त्या म्हणाल्या. “घरात काही फुटलं की सुनेकडेच बघतात.”

“बघत नाहीये हो. विचारतेय. असं होऊ शकतं का, की अर्ध्या लोकांना ती दिसते आणि अर्ध्यांना नाही?”

“होऊ शकतं की. माझा धंदाच तो आहे.”

नणंदबाई खुर्चीत पुढे सरकल्या.

“पण मग अर्ध्यांना दिसली असती,” प्रयोगताई म्हणाल्या. “अर्ध्या गिऱ्हाइकांनी पाहिली असती, आणि झाडूच्या यादीत ती आलीच नसती. यादीत आहे, म्हणजे एकाही गिऱ्हाइकाने पाहिली नाही. माझे प्रयोग इतके एकतर्फी नसतात.”

“आणि आपल्यापैकी ज्यांनी ज्यांनी शोधलं, त्या प्रत्येकाला दिसली.”

“हेही एकतर्फीच.”

प्रयोगताईंनी डावा कप खाली ठेवला, तो लेकीच्या शाळेच्या रस्त्याच्या चित्रावर. चित्राला प्लास्टिक चढवून त्यांनी त्याची चटई केली होती. चहाच्या ओल्या वर्तुळात कोपऱ्यातलं मांजर बरोबर अडकलं.

“नणंदबाई, दिसते आणि दिसत नाही, हे दोन्ही खरं असेल तर?”

“तर मी वेडी झालेय.”

“तोही एक पर्याय. मी मोजते हवं तर.”

४

(हवालदारांकडे चोऱ्या, लबाड्या, खोटी खाती यांचा बंदोबस्त. त्यांना प्रश्न आवडत नसत, म्हणून इथे फक्त उत्तरं.)

“नाही.

नाही म्हटलं ना. मी कुलूप लावलं की खात्यावर कुलूप दिसतं. हिच्यावर आहे का? नाही. झालं.

चुकून? माझ्या हातून चुकून काही होत नाही. जे होतं ते मुद्दाम, आणि नियमाने. नियम लिहिला की तोच फिरतो, रोज पहाटे. मी झोपलेला असतो.

नियम कुठले काय, ढीगभर आहेत. एकच माणूस दहा नावांनी बसला तर पकड. स्वतःच स्वतःला शाबासकी दिली तर पकड. बाहुल्या सापडल्या तर बाजूला कर.

बाहुल्या म्हणजे आपल्याच. चाचणीसाठी आपली पोरं खोटे चित्रकार, खोटे भाषांतरकार बनवतात ना, त्या. त्या मोजू नका, त्यांना पोट नसतं. इथल्या इथे खेळतात, ऑफिसातल्या ऑफिसात.

हे? हा माझ्या सासुरवाडीचा रस्ता. दरवेळी चुकायचो, बायको चिडायची. एकीकडून काढून घेतला. मांजर कशाला आहे ते मला नाही माहीत, आमच्या सासऱ्यांकडे कुत्रा आहे.

अजून काही? मग जाऊ?”

५

(हे प्रकरण मागे घेतलं आहे. तरी वाचा.)

बुधवारी संध्याकाळी नणंदबाईंनी फळ्यावर उत्तर लिहिलं: बाईचं आणि हवालदारांचं जुनं भांडण असणार. त्यांनी तिला बिनकुलपाची शिक्षा दिली, पुरावा राहू नये म्हणून. म्हणूनच तर ते प्रश्नांना घाबरतात.

उत्तर दिसायला देखणं होतं. त्या लांब जाऊन बघत राहिल्या.

मग त्यांच्या लक्षात आलं की हवालदारांना बाईचं नाव माहीत असायचं काही कारण नाही. त्यांच्याही पुढे तो नुसता आकडाच होता. आकड्याशी कोण भांडतं?

शिवाय आपण ‘कोणी’ शोधायला लागलो होतो. शिस्त मोडली, ती मोडली, उत्तरही चुकलं. त्यांनी फळा पुसला आणि कुणी बघत नसताना मुकाट्याने बापूंच्या वाटणीचे कप विसळून टाकले.

डोक्याचा पार भुगा झाला होता. बाई आहे. बाई नाही. जे बघतात त्यांना दिसते. ज्यांना दिसायला हवी त्या गिऱ्हाइकांना दिसत नाही. सर्च निर्दोष, प्रयोग निर्दोष, कुलूप नाही. आणि उद्या गुरुवार.

६

गुरुवारी नणंदबाई घरी आल्या तेव्हा सासूबाई स्वयंपाकघरात फ्रिजपुढे उभ्या होत्या. गेल्या वर्षापासून त्यांना रस्ते सापडेनासे झाले होते. शब्द सापडत, माणसं सापडत, रस्ते मात्र पायाखालून निसटत. म्हणून फ्रिजवर नकाशा लावला होता: घर, औषधाचं दुकान, वाचनालय, मधे बसायचे बाक, आणि कुठल्या झाडाशी वळायचं ते झाड. सासूबाई तो घडी घालून सोबत नेत आणि परत आल्या की पुन्हा लावत.

“सूनबाई, तुमचा तो बाजार बंद पडला का गं?” सासूबाईंनी विचारलं.

“नाही आई. का?”

“मला नव्या बागेपर्यंतचा रस्ता हवाय. माझ्या मैत्रिणी हल्ली तिकडे बसतात. म्हटलं, तुला कशाला त्रास, आपणच सांगावं त्या मांजरवाल्या बाईला. फोनवर बाजार उघडला, खातं काढलं, सगळं केलं. सापडतच नाही मेली.” त्यांनी जीभ चावली. “मेली म्हणजे… गेली का गं ती?”

नणंदबाईंनी पर्स टेबलावर टाकली.

“काय शोधलंत आई?”

“हाताने काढलेला नकाशा. दुसरं काय शोधणार?”

नणंदबाईंनी आपला फोन काढला. तेच शब्द टाकले. पहिल्या पानावर, वरून तिसरी: झाडं, बाक, वळणदार रस्ते, कोपऱ्यात मांजर.

“आहे की, आई.”

“कुठे आहे?” सासूबाईंनी आपला फोन त्यांच्या फोनशेजारी धरला. तेच शब्द, तोच बाजार. तिसऱ्या जागी भलताच कुणी होता, लग्नपत्रिका काढणारा. पान संपलं, दुसरं संपलं. मांजर नव्हतं. “बघ. मला मेलीला वाटलं माझंच डोकं गेलं.”

“नाही आई. तुमचं डोकं शाबूत आहे. आमचंच…”

वाक्य अर्धंच राहिलं. त्यांनी जुना संवाद उघडला, ज्यात फ्रिजवरच्या नकाशाचं काम दिलं होतं. खात्याचा आकडा बघितला. तक्रारीतला आकडा बघितला.

एकच.

“काखेत कळसा,” त्या पुटपुटल्या.

“काय म्हणालीस?”

“आई, हा नकाशा मी एक दिवस ऑफिसात नेऊ?”

“ने. पण परत आण. नाहीतर मी वाचनालयातच राहीन.”

०

(हे सगळ्यात आधी यायला हवं होतं. पण नणंदबाईंना ते आत्ता, फ्रिजचं दार उघडं ठेवून उभ्या असताना आठवलं.)

बाजारात नव्या इंजिनिअरला पहिल्या आठवड्यात कोडला हात लावू देत नसत. आधी गिऱ्हाईक व्हायचं. खरंखुरं काम काढायचं, खऱ्या अनोळखी माणसाला द्यायचं, वाट बघायची, चिडायचं, खूश व्हायचं. पुलावरून चालल्याशिवाय पुलाची डागडुजी करायची नाही.

नणंदबाई नव्या होत्या तेव्हा कुणाला काय काम द्यावं हे त्यांना सुचेना. शेजारी बसलेले बापू म्हणाले होते, “त्या मांजरवालीला दे. सज्जन बाई आहे. नवशिक्यांना सांभाळून घेते.”

७

त्याच संध्याकाळी तिघांच्या फोनवर निरोप गेला: “उद्या सकाळी काचेच्या खोलीत. येताना आपापलं मांजर घेऊन या.”

८

टेबलावर चार नकाशे होते. बापूंचं ऑफिस, प्रयोगताईंच्या लेकीची शाळा, हवालदारांची सासुरवाडी, सासूबाईंचं वाचनालय. चार कोपऱ्यांत चार मांजरं, चारही पाठमोरी.

“हा काय पोरखेळ आहे?” हवालदार म्हणाले, पण वाकून बघत.

“तीन गोष्टी सांगते,” नणंदबाई म्हणाल्या. “आपल्याला ती दिसते. बाहेरच्यांना दिसत नाही. म्हणजे बघणारा आपला की बाहेरचा, एवढाच फरक आहे. बाजारात असं काय आहे, जे फक्त आपल्याला दिसतं?”

“बाहुल्या,” प्रयोगताई पटकन म्हणाल्या. मग त्यांचा हात तोंडावर गेला.

“हवालदार, बाहुली ओळखायची कशी?”

“पोरं खूण करायला विसरतात,” हवालदार सावकाश म्हणाले. “म्हणून नियम आहे. एखाद्याचं अलीकडचं सगळं काम, एकूण एक, फक्त आपल्याच माणसांनी दिलेलं असेल, तर तो माणूस नाही. ती बाहुली. बाहेरून लपव.”

“नियम बरोबर आहे?”

“शंभर टक्के.”

“आता बापू. नव्या पोरांना काम कुणाला द्यायला सांगता?”

बापूंनी दोन्ही चष्मे काढले. “हिला. सगळ्यांना हिलाच. भरती जोरात होती तेव्हा तर रांग लागायची. एकदा ती मला म्हणालीसुद्धा, बाहेरची कामं परत पाठवतेय, तुमची पोरं आधी. मी म्हटलं, वा.”

“म्हणजे बाहेरची कामं गेली. उरलो फक्त आपण. एका पहाटे नियम फिरला आणि त्याने तिला बाहुल्यांच्या कपाटात ठेवलं. मग भरती थांबली. आपली कामंही गेली. आता तिला बाहेरचे बघू शकत नव्हते आणि आतल्यांना गरज नव्हती. ती तक्रार करायची, आपण इथे बसून, आपल्या खात्यातून शोधायचो.”

“आणि सांगायचो, आम्हाला तर दिसतेय,” प्रयोगताई म्हणाल्या.

काचेपलीकडे कुणीतरी हसत गेलं.

“नणंदबाई,” बापू शेवटी म्हणाले, “आता विचारतोच. होऊ दे कप तर कप. हे कोणी केलं?”

“आज कप सगळ्यांनीच विसळायचे, बापू. एक माझाही आहे.” त्यांनी वाचनालयाच्या नकाशावर बोट ठेवलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी बोट दाखवलं होतं, आणि ते स्वतःच्याच फ्रिजकडे.

“ते नंतर,” हवालदार घड्याळाकडे बघत म्हणाले. “दुपारी झाडू आहे. नियम बदलायला हवा.”

“आज शुक्रवार,” बापू म्हणाले.

“बापू, बाई चाललीय!”

“म्हणूनच म्हणतोय. घाईने नियम उघडलास आणि कपाटातल्या सगळ्या बाहुल्या बाजारात सांडल्या, तर खरी माणसं त्यांच्याखाली चिरडली जातील. शुक्रवारी हात लावायचा नाही. ही पाटी मी रडूनच लिहिलीय.”

पुन्हा तोच गोंधळ. सगळे बरोबर होते. सगळे बरोबर असले की काय होतं, ते टेबलावर पसरलेलं होतं.

“हवालदार,” नणंदबाईंनी हळूच विचारलं, “बाहुलीला बाहेरच्या माणसाने काम दिलं तर?”

“तर ती बाहुली नाही. खूण तिथल्या तिथे उतरते. तेवढी अक्कल आहे नियमाला. पण बाहेरच्याला ती दिसतच नाही, तर देणार कसं?”

“तिच्या पानाचा थेट पत्ता दिला तर उघडते का?”

“उघडते. पण पत्ता देणार कुणाला? आपलं माणूस चालणार नाही, बाहेरचंच हवं.”

नणंदबाईंनी फोन कानाला लावला होता. “आई? जेवलात? बरं, ते राहू दे. मी एक पत्ता पाठवलाय, त्यावर बोट ठेवा. हो, मांजरवालीच. बागेचं काम द्या तिला. आत्ता. मैत्रिणी संध्याकाळी येतात ते ठीक आहे, काम आत्ता द्या.”

हवालदारांनी डोळे बारीक केले. “एक मिनिट. सासू घरची की बाहेरची?”

“तुमचा नियम काय म्हणतो?”

हवालदारांनी विचार केला. “इथे नोकरीला नसेल तर बाहेरची.”

“‘बाहेरची’ हे मी इतकी वर्षं घरात ऐकत आलेय, माझ्याबद्दल,” नणंदबाई म्हणाल्या. प्रयोगताईंना हसू आवरेना.

मग चौघं बापूंच्या हातातल्या फोनवर वाकली. तो मुद्दाम त्यांच्या बायकोचा मागवला होता. आता कुणीच आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवायला तयार नव्हतं. पान उघडलं. लग्नपत्रिकावाला. पुन्हा उघडलं. लग्नपत्रिकावाला. बापूंनी तिसऱ्यांदा बोट ठेवलं, आणि पत्रिकावाला एक जागा खाली सरकला.

वर, तिसऱ्या जागी, झाडं होती.

९

अहवालात नणंदबाईंनी कुठे, कसं आणि का ते लिहिलं. ‘कोणी’ला जागा नव्हती. सोमवारी हवालदारांनी नियम बदलला, बापूंनी तो दोनदा वाचला, आणि प्रयोगताईंनी नवी शिस्त घातली: तक्रार तपासायची ती बाहेरच्या माणसाच्या खात्यातून. आपल्या खात्यातून आपल्याला नेहमीच सगळं ठीक दिसतं. कपाटात आणखी किती खरी माणसं आहेत, ते बघायचं काम अजून चालू आहे. नणंदबाईंना एकेका बाहुलीपुढे थांबून तिला पोट आहे का ते बघावं लागतं, आणि पुष्कळदा कळत नाही.

काय घडलं ते बाईला कळवलं, तिचं उत्तर आलं. “कसं झालं ते समजलं. धन्यवाद. पण हे कोणी केलं, ते सांगाल का? रागावणार नाही. नुसतं एक नाव हवंय, म्हणजे महिनोन्महिने मी कुणाला दिसत नव्हते ते कळेल.”

नणंदबाईंनी एकदा “नियमाने” लिहून पुसलं. एकदा “माझ्यामुळे” लिहून पुसलं, कारण तेही पुरतं खरं नव्हतं. शेवटी लिहिलं: “ज्यांना तुम्ही सगळ्यात जास्त आवडत होतात त्यांनी. तुम्ही आमच्याच आहात असं आम्ही धरून चाललो.” खाली चौघांची नावं घातली, खरी, घरची. शिस्तीत बसत नव्हतं. पाठवलं, उठल्या आणि कप विसळायला गेल्या. बापू आधीच नळाशी उभे होते.

बागेचा नकाशा आठवड्याने आला. सासूबाईंनी तो उलगडून टेबलावर पसरला, चष्मा लावला आणि नेहमीप्रमाणे आधी चारही कोपरे बघितले. एकेक करून.

“सूनबाई, मांजर विसरली की गं ही.”

नणंदबाई मागून वाकल्या. घर होतं, बाक होते, वळायचं झाड होतं. आणि ऐन चौकात, चारही रस्ते अडवून, अंग पसरून मांजर बसलं होतं. या वेळी पाठमोरं नव्हतं. सरळ बघणाऱ्याच्या डोळ्यांत बघत होतं.